एस-२ ची कक्षा उलटी का सरकते? आकाशगंगेच्या मध्यावरचं न दिसणारं वस्तुमान मोजण्याबद्दल

तर्रीपोहे२१ (नागपूर)

नमस्कार मंडळी. आकाशगंगेच्या मध्यावरच्या कृष्णविवराभोवती (सॅजिटेरियस ए-स्टार) न दिसणारं वस्तुमान पसरलेलं असेल तर ते एस-२ ताऱ्याच्या कक्षेत कसं उमटेल, यावर एमएस्सीचा प्रकल्प करून राहिलो आहे. पायथनमध्ये कक्षा चालवतो. घेतलेले आकडे असे: कृष्णविवर ४२.९७ लाख सूर्यांएवढं, अंतर ८,२७७ पार्सेक, अर्धदीर्घाक्ष १,०३५ खगोलीय एकक (एक एकक म्हणजे पृथ्वी ते सूर्य अंतर; आकाशात ०.१२५ आर्कसेकंद), उत्केंद्रता (लंबवर्तुळ किती लांबट ते) ०.८८४. आवर्तनकाळ १६ वर्षांच्या किंचित वर येतो, निकटबिंदू (कृष्णविवराच्या सर्वात जवळची जागा) १२० एककांवर, दूरबिंदू (सर्वात लांबची) १,९५० वर. इथवर सगळं छापील आकड्यांशी जुळतं.

गोंधळ पुढे आहे. मला वाटलं होतं, जास्तीचं वस्तुमान म्हणजे जास्तीचं आकर्षण, म्हणजे कक्षा आणखी पुढे सरकेल, लंबवर्तुळ ताऱ्याच्या फिरण्याच्या दिशेला वळत जाईल. झालं उलटंच. सापेक्षता बंद ठेवून दूरबिंदूच्या आत कृष्णविवराच्या ०.१ टक्का वस्तुमान (४,३०० सूर्य) सगळीकडे सारख्या घनतेने पसरवलं, तर कक्षा दर फेरीला दोन-अडीच आर्कमिनिट (अंशाचा साठावा भाग म्हणजे एक) मागे जाते. सापेक्षता चालू आणि पसारा बंद असेल तर साधारण १२ आर्कमिनिट पुढे. दोन्ही बंद केल्यावर शून्य यायला हवं, पण अर्ध्या आर्कमिनिटाच्या आसपास काहीतरी उरतंच. कक्षा पावलापावलाने पुढे न्यायला लीपफ्रॉग ही पद्धत वापरतोय, पाऊल ०.००२ वर्षांचं, स्थिर.

तीन प्रश्न आहेत. मागे का सरकते? प्रत्यक्ष निरीक्षणात शेवटी एकच कोन मिळणार, मग त्यातला सापेक्षतेचा वाटा आणि पसाऱ्याचा वाटा वेगळा कसा काढतात? आणि इंटरनेटवर मिळणाऱ्या निरीक्षणांच्या तक्त्यांवर हे करून पाहायचं तर कुठे पाय घसरतो?

---

महालकर

आधी ते उरलेलं अर्धं आर्कमिनिट निकालात काढ, कारण तू ज्याच्या मागे आहेस ते त्याच मापाचं आहे. एस-२ निकटबिंदूवर सेकंदाला सुमारे ७,७०० किलोमीटरने जातो, म्हणजे वर्षाला १,६०० एककांहून जास्त. तुझ्या एका पावलात तो तिथे तीन एककांच्या वर सरकतो, आणि निकटबिंदू आहे १२० एककांवर. लीपफ्रॉग ऊर्जा छान सांभाळतो म्हणून सगळे त्याच्यावर विसंबतात, पण कक्षेची दिशा तो सांभाळत नाही. स्थिर पावलाने त्याची चूक कक्षेच्या सरकण्यातच साठत जाते, आणि ऊर्जेचा आलेख सपाट दिसत असल्यामुळे कळतही नाही. पाऊल निम्मं कर. उरलेला कोन पाव झाला तर चोर तोच.

पायथनच्या सायपायमधला डीओपी८५३ हा इंटिग्रेटर घे (पाऊल तो स्वतः लहानमोठं करतो), सापेक्ष सहनमर्यादा १०⁻¹² ठेव. एकक, वर्ष आणि सौर वस्तुमान ही मापं धरलीस की गुरुत्व-स्थिरांक ४π² होतो आणि प्रकाशाचा वेग वर्षाला ६३,२४१ एकक. दोन्ही परिणाम बंद ठेवून दहा फेऱ्या चालव. सरकणं आर्कमिनिटाच्या शंभराव्या भागाखाली आलं नाही तोवर पुढे जाऊ नको.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे निकटबिंदूची दिशा "सर्वात कमी अंतराचा नमुना" शोधून काढणं. तारा तिथे इतका वेगात असतो की दोन नमुन्यांमधल्या अंतरातच तुझे १२ आर्कमिनिट हरवतील. लाप्लास-रुंगे-लेंझ सदिश (निकटबिंदूकडे रोखलेला असतो तो) काढ, आणि तो एका दूरबिंदूपासून पुढच्या दूरबिंदूपर्यंत किती फिरला ते मोज. फेरीच्या अधेमधे मोजू नको. सापेक्षता चालू असताना तो सदिश एकाच फेरीत पुढेमागे डोलतो, म्हणून तुलना एकाच टप्प्यावरची हवी.

आता मागे का. गोल सममितीचा पसारा असेल तर ताऱ्याला फक्त स्वतःच्या आतल्या बाजूचं वस्तुमान जाणवतं. निकटबिंदूवर तो जवळपास सगळ्या पसाऱ्याच्या आत असतो, त्यामुळे तिथे नुसतं कृष्णविवरच. बाहेर जाताना आतलं वस्तुमान वाढत जातं आणि दूरबिंदूवर त्याला थोडा जास्त ओढ लागतो. म्हणून तो अपेक्षेपेक्षा लवकर माघारी वळतो. आत-बाहेरचा हेलकावा पूर्ण होतो तेव्हा कोनाने ३६० अंश अजून पुरे झालेले नसतात, आणि कक्षा मागे पडते. टोकाचं उदाहरण घे: कृष्णविवर नाहीच, फक्त एकसारखी घनता. तिथे कक्षा लंबवर्तुळच असते पण केंद्र मध्यभागी येतं, आणि एका निकटबिंदूपासून पुढच्यापर्यंत फक्त १८० अंश होतात. तुझं उदाहरण ३६० आणि १८० यांच्या मधलं, ३६० ला अगदी चिकटून. सापेक्षता मात्र ३६० च्या पलीकडे नेते. "जास्त आकर्षण म्हणजे पुढे" हा तुझा अंदाज फसला तो इथे: आकर्षण किती वाढलं याला महत्त्व नाही, ते *कुठे* वाढलं याला आहे.

हातानेही पडताळता येतं. सापेक्षतेचं सरकणं = ६π × (जी × एम ÷ सी²) ÷ [अर्धदीर्घाक्ष × (१ − उत्केंद्रतेचा वर्ग)]. जी म्हणजे गुरुत्व-स्थिरांक, एम कृष्णविवराचं वस्तुमान, सी प्रकाशाचा वेग. तुझ्या आकड्यांना जी × एम ÷ सी² येतं ०.०४२४ एकक, छेद येतो २२६ एकक. उत्तर ०.००३५३ रेडियन, म्हणजे १२.१५ आर्कमिनिट दर फेरीला.

एकसारख्या घनतेच्या पसाऱ्यासाठी: सरकणं = −३π × √(१ − उत्केंद्रतेचा वर्ग) × (अर्धदीर्घाक्षाएवढ्या त्रिज्येच्या आतला पसारा ÷ कृष्णविवर). दूरबिंदूच्या आतलं वस्तुमान धरलं तर ते (१ + उत्केंद्रता)³ ने, म्हणजे ६.६९ ने भागायचं. सगळं मिळून गुणक −०.६६ होतो. ०.१ टक्क्याला −०.०००६६ रेडियन, म्हणजे −२.२७ आर्कमिनिट. दोन्ही मिळून +९.८८. नव्या इंटिग्रेटरने हे तीन आकडे आले की समज कोड बरा आहे. आणि सापेक्षतेला पुरतं पुसून टाकायला किती लागेल? सुमारे २३,००० सूर्य. एवढा पसारा आत असता तर एस-२ ची कक्षा जागची हललीच नसती.

---

सेमिनरी_८इंची

विषय थोडा सोडून विचारतो. आमच्या गटाकडे आठ इंची डॉब्सोनियन आहे आणि आता पेंच 'डार्क स्काय पार्क' झालंय. तिथून या भागाचं निदान काहीतरी काम होईल का?

---

महालकर

धनु राशीतली किटली बघा, मन भरून बघा. नागपूरच्या अक्षांशावरून आकाशगंगेचा मध्य दक्षिणेला क्षितिजापासून ४० अंशांवर येतो, चिलीतल्या दुर्बिणींना तोच डोक्यावरून जातो. पण एस-२ नाही. मधल्या धुळीमुळे दृश्य प्रकाशात सुमारे ३० प्रतींची (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाची पायरी) घट होते, म्हणजे लाख कोटी फोटॉनांतला एखादा पोचतो. २.२ मायक्रोमीटरच्या अवरक्त प्रकाशात हीच घट अडीच प्रतींच्या आसपास, दहा फोटॉनांतला एक. म्हणून सगळं काम तिथेच चालतं, आणि तिथेही एस-२ फक्त १४ व्या प्रतीचा. शिवाय आपल्या हवेत ताऱ्याचा ठिपका एक-दोन आर्कसेकंदांचा फुगतो. एस-२ ची आख्खी कक्षा त्या ठिपक्यात मावून उरेल. हा भाग मध्यरात्री सर्वात उंच येतो तो जूनमध्ये, तेव्हा आपल्याकडे ढग. पेंच यातल्या कशालाच इलाज नाही.

---

फुटाळाकाठ

तुझ्या दुसऱ्या प्रश्नावर येते, खरा कस तिथेच आहे.

फक्त "एका फेरीत किती सरकली" एवढा एकच आकडा असेल तर वेगळं करता येणारच नाही. ९.८८ हा आकडा ४,३०० सूर्य आणि पूर्ण सापेक्षता यांचाही असू शकतो, किंवा पसारा शून्य आणि सापेक्षता फक्त ८१ टक्के, असाही. सुटका होते ती हे दोन परिणाम कक्षेच्या वेगवेगळ्या जागी घडतात म्हणून.

सापेक्षतेचं सरकणं निकटबिंदूपाशी एकवटलेलं असतं. केंद्रातून पाहिलं तर निकटबिंदूच्या दोन्ही बाजूंचे ९०-९० अंश, म्हणजे कोनाने अर्धी फेरी, एस-२ फक्त साडेचार महिन्यांत उरकतो. उरलेल्या अर्ध्या फेरीला त्याला साडेपंधरा वर्षांहून जास्त लागतात. त्यामुळे काळाच्या आलेखावर सापेक्षता एका झटक्यासारखी दिसते: २००२ च्या वसंतात एक, १९ मे २०१८ च्या आसपास दुसरा.

पसाऱ्याचं नेमकं उलट. आतल्या दिशेचं जास्तीचं बल निकटबिंदूच्या बाजूला कक्षेला किंचित *पुढे* ढकलतं आणि दूरबिंदूच्या बाजूला मागे खेचतं. मागचं खेचणं कितीतरी जास्त, कारण तिथे आतला पसाराही जास्त आणि ताऱ्याचा मुक्कामही लांब. म्हणजे पसाऱ्याची खूण दूरबिंदूकडच्या अर्ध्यात वर्षानुवर्षं हळूहळू साठते. फक्त निकटबिंदूजवळची निरीक्षणं कितीही बारीक असली तरी पसारा सापडायचा नाही, ती बहुतेक सगळी ताकद सापेक्षतेवर खर्च होते. तुझ्या कोडमध्ये हे डोळ्यांनी बघ: लेंझ सदिशाचा कोन काळासोबत काढ, एकदा फक्त सापेक्षता, एकदा फक्त पसारा. एक आलेख पायरीसारखा येईल, दुसरा उतारासारखा. सापेक्षतेची त्वरण-संज्ञा ही: (जी एम ÷ सी² आर³) × [(४ जी एम ÷ आर − वेगाचा वर्ग) × स्थान-सदिश + ४ × (स्थान · वेग) × वेग-सदिश], इथे आर म्हणजे कृष्णविवरापासूनचं अंतर.

आता मोजमापाचं माप. १२ आर्कमिनिटांचं सरकणं दूरबिंदूवर सुमारे ०.८ मिली-आर्कसेकंद होतं, कक्षा कललेली असल्याने आकाशात त्याहूनही कमी. नागपूरच्या झिरो माइलवर उभं राहून मुंबईतली एखादी खूण पावणेतीन मिलिमीटर हलली का ते पाहण्याइतकं. एका ८ मीटर दुर्बिणीचा अॅडाप्टिव्ह ऑप्टिक्स (हवेची थरथर काढून टाकणारा) कॅमेरा (चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणींवरचा नॅको) चांगल्या रात्री अर्ध्या मिली-आर्कसेकंदापर्यंत जातो. म्हणून २०१६ पर्यंत हात बांधलेले होते. त्यानंतर ग्रॅव्हिटी आलं: व्हीएलटीच्या चारही ८.२ मीटर दुर्बिणींचा प्रकाश एकत्र करणारा इंटरफेरोमीटर, सर्वात लांब आधाररेषा १३० मीटर, अचूकता काही दशक मायक्रो-आर्कसेकंद. ५० मायक्रो-आर्कसेकंद म्हणजे मुंबईतल्या त्याच खुणेवर मिलिमीटरचा सहावा भाग.

त्यातून निघालेली उत्तरं अशी. २०२० साली सापेक्षतेचा गुणक (१ म्हणजे आइन्स्टाइन, ० म्हणजे न्यूटन) १.१० ± ०.१९. २०२२ मध्ये अनेक तारे एकत्र घेऊन ०.९९७ ± ०.१४४, आणि एस-२ च्या दूरबिंदूच्या आतल्या पसाऱ्याची एक-सिग्मा मर्यादा ३,००० सूर्य. २०२४ मध्ये ती सुमारे १,२०० वर आली. महालकरांचा −०.६६ लावून बघ: ३,००० सूर्य म्हणजे दीड आर्कमिनिटाच्या थोडं वर, आणि १२.१ चे ०.१४४ पट काढलेस तर तेही पावणेदोनच्या आसपास. दोन्ही मर्यादा एकाच मोजमापाच्या दोन बाजू आहेत, हे त्यावरून ध्यानात येईल.

---

तर्रीपोहे२१

ताई, सर, मनापासून आभार. डीओपी८५३ लावल्यावर +१२.१५, −२.२७ आणि +९.८८ आले, दोन्ही बंद असताना शून्य. चोर लीपफ्रॉगच.

आता घनता एकसारखी न ठेवता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात ठेवली. दूरबिंदूच्या आतलं वस्तुमान तेवढंच, ४,३०० सूर्य. मागे सरकणं ३.६५ आर्कमिनिट झालं. वस्तुमान मध्याकडे गोळा झालं तर परिणाम कमी व्हायला हवा ना? आणि छापील तक्त्यांवर एमसीएमसी (यादृच्छिक नमुन्यांवरून चलांच्या किमती आणि त्रुटी काढणारी पद्धत) चालवला तर पसारा शून्याहून बराच वर येतो. हे खरं मानायचं का?

---

महालकर

३.६५ बरोबर आहे. त्या घनतेला सूत्र साधं होतं: −२π × एस ÷ (१ + एस) × (अर्धदीर्घाक्षाच्या आतला पसारा ÷ कृष्णविवर), इथे एस = √(१ − उत्केंद्रतेचा वर्ग) = ०.४६७. दूरबिंदूच्या आतल्या वस्तुमानात गुणक −१.०६.

का वाढलं? एकसारख्या घनतेत वस्तुमान अंतराच्या घनाने वाढतं, त्यामुळे बहुतेक सगळं दूरबिंदूच्या कडेला जमतं आणि अर्धदीर्घाक्षाच्या आत फक्त १५ टक्के असतं. वर्गाच्या उताराला तिथे ५३ टक्के असतं. म्हणजे ताऱ्याच्या वाटेच्या जास्त भागावर पसारा काम करतो. पण उतार आणखी तीव्र करत गेलास तर वस्तुमान निकटबिंदूच्याही आत शिरू लागेल आणि परिणाम घसरत शून्याकडे जाईल. निकटबिंदूच्या आतलं सगळं एस-२ ला कृष्णविवरच वाटतं. तिथे काय दडलंय ते या ताऱ्याला विचारून उपयोग नाही. तसंच दूरबिंदूच्या बाहेरचं गोल सममितीचं कवचही त्याला जाणवत नाही. हा तारा १२० ते १,९५० एककांच्या पट्ट्याचाच तराजू आहे.

म्हणून कुठलीही मर्यादा वाचताना घनतेचा आकार कोणता धरलाय ते आधी बघायचं. ग्रॅव्हिटी गटाच्या कामात प्लमर आकार (मध्यात सपाट, बाहेर झपाट्याने विरळ होणारी घनता) आहे, मापत्रिज्या ०.३ आर्कसेकंद. तिथे हमखास फसायला होतं: प्लमरचं *एकूण* वस्तुमान आणि एस-२ च्या दूरबिंदूच्या *आतलं* वस्तुमान वेगळं. दूरबिंदू ०.२३६ आर्कसेकंदावर धरला तर एकूणच्या फक्त २४ टक्के आत येतं. तुझा कोड एकूण आकडा देत असेल आणि तू तो ३,००० शी ताडून पाहत असशील तर चौपट गोंधळ तिथेच झाला.

---

फुटाळाकाठ

तक्त्यांवरचा पसारा खरा मानू नकोस, किमान एवढ्यात नाही. "सापडला" म्हणण्याआधी पुढच्या गोष्टी तपास, साधारण याच क्रमाने.

संदर्भचौकट. नॅको किंवा हवाईतल्या केक दुर्बिणींच्या जुन्या चित्रांत कृष्णविवर बहुतेक वेळा दिसत नाही. ताऱ्यांची स्थानं एका चौकटीत मोजतात, आणि ती चौकट मध्यभागच्या सिलिकॉन मोनॉक्साइड मेसर (रेडिओ लहरींतही चमकणाऱ्या) ताऱ्यांमार्फत रेडिओ निरीक्षणांशी जोडतात. त्या जोडणीत वर्षाला ०.१ मिली-आर्कसेकंदाची तूट राहिली तर १६ वर्षांत १.६ होते, अख्ख्या सापेक्षतेच्या दुप्पट. म्हणून चौकटीचं शून्यस्थान (दोन) आणि तिचा वेग (दोन, शिवाय दृष्टिरेषेतला एक) हे चल मोकळेच ठेवावे लागतात. कक्षेचे सहा, वस्तुमान, अंतर, चौकटीचे पाच आणि सापेक्षतेचा गुणक: चौदा झाले, पसारा पंधरावा. चौकट काळासोबत किंचित *फिरत* असेल तर ते थेट कक्षेच्या सरकण्यासारखंच दिसतं, आणि एकाच ताऱ्याच्या निरीक्षणांवरून ते ओळखता येत नाही.

दोन संचांतला सांधा. ग्रॅव्हिटी एस-२ चं अंतर थेट कृष्णविवरापासून मोजतं, नॅको चौकटीपासून. दोघांत स्थिर फरक आणि वेगाचा फरक दोन्ही ठेव. ते शून्य धरलेस तर नॅकोचा कल पसारा बनून बाहेर येतो. तुझं बहुधा हेच झालंय. केक आणि व्हीएलटी मिसळत असशील तर त्या दोघांतही वेगळा फरक लागेल.

२००२ चे बिंदू. निकटबिंदूजवळ एस-२ आणि कृष्णविवराची अवरक्त चमक एकमेकांत मिसळलेली होती, ठिपक्याचं मध्य खेचलं जातं. त्या वर्षातले बिंदू वगळून एकदा चालव, नाहीतर त्यांची त्रुटी वाढव. उत्तर सिग्माभर हललं तर दोष कुठे ते कळलं.

दृष्टिरेषेतला वेग. ब्रॅकेट-गॅमा रेषेवरून (२.१६६ मायक्रोमीटर) मिळतो, साधारण १० ते १५ किमी/सेकंद अचूकतेने. तक्त्यात तो स्थानिक विश्रांती-चौकटीत (सूर्याच्या आसपासच्या ताऱ्यांच्या सरासरी वेगाच्या चौकटीत) आणलेला आहे का, ते स्तंभाचं शीर्षक वाचून ठरव. दुरुस्ती राहिली तर पृथ्वीचा ३० किमी/सेकंदाचा वार्षिक हेलकावा आत शिरतो, दोनदा केली तरी तेच. अंतर आणि वस्तुमान एकमेकांपासून सुटतात ते याच वेगांमुळे. नुसत्या आकाशातल्या स्थानांवरून वस्तुमान अंतराच्या घनाला बांधलेलं राहतं.

प्रकाशाचा प्रवासवेळ. कक्षेचा लांबचा आणि जवळचा भाग यांत काही दिवसांचा, साधारण आठेक दिवसांचा फरक पडतो. ही दुरुस्ती कोडमध्ये नसेल तर निकटबिंदूजवळ तारा भलत्याच जागी दिसेल. तसंच २०१८ मध्ये आडव्या डॉप्लरची (वेगामुळे काळ मंदावण्याची) आणि गुरुत्वीय ताम्रसृतीची (गुरुत्वामुळे प्रकाश लालीकडे सरकण्याची) मिळून सुमारे २०० किमी/सेकंदाची भर पडली होती. ती प्रतिकृतीत घातली नाहीस तर चुकीचा भार उत्केंद्रतेवर जाईल, आणि तिथून सगळीकडे.

एमसीएमसीची अट. पसारा ऋण असू शकत नाही म्हणून खालची सीमा शून्य ठेवली असणार. मग सरासरी नेहमीच शून्याच्या वर येईल, पसारा असो वा नसो. आलेख सीमेला टेकून बसलेला असेल तर "सरासरी ± सिग्मा" लिहायचं नाही, एकतर्फी वरची मर्यादा लिहायची. पडताळ्यापुरती सीमा काढून टाक आणि वस्तुमान ऋण जाऊ दे. उत्तर ठाम ऋण आलं तर चौकटीत खोट आहे, आणि तीच खोट धन बाजूलाही घुसली असणार.

शेवटी एक बनावट संच करून बघ. पसारा शून्य धरून कक्षा काढ, खऱ्या निरीक्षणांच्याच तारखा घे, २०१६ पर्यंत ०.५ मिली-आर्कसेकंद, पुढे ०.०५, वेगाला १५ किमी/सेकंद असा कोलाहल मिसळ आणि तोच एमसीएमसी चालव. वेगवेगळ्या यादृच्छिक बीजांनी वीस-तीस वेळा. शून्य घातल्यावर तुझी पद्धत किती "शोधते" ते दिसेल. मगच खऱ्या तक्त्यांना हात लाव.

---

महालकर

ताईंच्या एका मुद्द्यावर माझं वेगळं मत आहे. गुणक आणि पसारा दोन्ही मोकळे ठेवू नयेत. पसारा शोधायचा असेल तर गुणक १ वर बांधावा. सापेक्षता मान्य करूनच पसाऱ्याचा प्रश्न विचारायचा असतो.

---

फुटाळाकाठ

मर्यादा *जाहीर* करायला बांधलेलाच हवा, कबूल. निदानाला मात्र एकदा मोकळा ठेवून दोघांचा सहसंबंध बघावा. तो एकच्या जवळ असेल तर दूरबिंदूकडच्या अर्ध्यात पुरेशी अचूक निरीक्षणं नाहीत, एवढं कळतं. २०१७ नंतरचे ग्रॅव्हिटीचे बिंदू वगळले तर हमखास तसंच होतं.

---

सेमिनरी_८इंची

आणि हे न दिसणारं वस्तुमान म्हणजे नेमकं काय असणार? कृष्णपदार्थ?

---

महालकर

सर्वात साधा उमेदवार म्हणजे मेलेले तारे: ताऱ्यांपासून बनलेली छोटी कृष्णविवरं, न्यूट्रॉन तारे, श्वेत बटू, आणि दिसू नयेत इतके मंद तारे. जड वस्तू शेजाऱ्यांना ऊर्जा देऊन मध्याकडे बसत जातात. बॅकल आणि वुल्फ यांनी १९७६ मध्ये दाखवलं की असा स्थिरावलेला समूह अंतराच्या −७/४ घातांकाच्या उताराला येतो, म्हणजे तुझ्या वर्गाच्या उताराच्या जवळच. आत्ताची १,२०० ची मर्यादा अशा समूहाच्या अपेक्षेशी भांडत नाही. कृष्णपदार्थाचा टोकदार ढीग (गोंडोलो आणि सिल्क, १९९९) हाही उमेदवार, पण एस-२ ला दोघांतला फरक कळत नाही. त्याला फक्त किलो कळतात.

एक फरक मात्र कळू शकतो. पसारा सुळसुळीत, गोल सममितीचा असेल तर कक्षेचं *प्रतल* जागचं हलत नाही, फक्त लंबवर्तुळ त्या प्रतलात फिरतं. वस्तुमान दाणेदार असेल, दहा-दहा सूर्यांच्या कृष्णविवरांचं, तर जवळून जाणाऱ्या दाण्याचा धक्का प्रतलालाही बसतो. मध्यम वजनाचं एकच कृष्णविवर कक्षेच्या आसपास असेल तरी तेच. म्हणून कल आणि पातबिंदूचा कोन (प्रतलाची दिशा सांगणारे दोन कोन) दोन फेऱ्यांत वेगळे बसवून बघायचे. दोघांत ठाम फरक आला तर गोल पसाऱ्याचं गणित तिथेच बाजूला ठेवावं लागेल.

---

तर्रीपोहे२१

प्लमरचं सापडलं. मी एकूण वस्तुमानच लिहून राहिलो होतो, २४ टक्क्यांनी गुणलं तर आकडा खाली आला. सांध्याचे चल आता घालतो. एकच शेवटचं: एस-२ सोडून दुसरा तारा जोडला तर खरंच फायदा होतो का, की चल वाढून आणखी गुंता होतो?

---

फुटाळाकाठ

होतो. प्रत्येक नव्या ताऱ्यामागे कक्षेचे सहा चल वाढतात, पण कृष्णविवराचं वस्तुमान, अंतर आणि चौकट सगळ्यांची एकच. चौकट फिरत असेल तर सगळ्या कक्षा एकाच दिशेला सरकल्यासारख्या दिसतील. पसारा मात्र प्रत्येक ताऱ्याला त्याच्या कक्षेच्या फिरण्याच्या उलट आणि त्याच्या आकाराप्रमाणे कमीजास्त सरकवेल. इथे दोघांची फारकत होते. एस-३८ (आवर्तन १९ वर्षांच्या आसपास) आणि एस-५५ (१३ वर्षांहून कमी) पासून सुरुवात कर. एस-२९ मे २०२१ च्या सुमारास निकटबिंदूवरून गेला, एस-२ पेक्षाही आतून, सुमारे ९० एककांवरून. पण त्याची कक्षा लांबलचक आहे, तिचा बराच भाग अजून पाहायचाच आहे. त्याच्यावर एकट्यावर भिस्त ठेवू नकोस.

आणि तारखांकडे लक्ष ठेव. एस-२ चा दूरबिंदू २०२६ च्या मध्याच्या आसपास येतो, पुढचा निकटबिंदू २०३४ च्या पहिल्या सहामाहीत. ग्रॅव्हिटीचे बिंदू २०१८ च्या निकटबिंदूपासून बाहेर जाणाऱ्या वाटेवर साठत आलेत, परतीच्या वाटेवरचे अजून यायचे आहेत. तुझ्या बनावट संचात २०२७ ते २०३३ चे बिंदू, वर्षाला चार, ०.०५ मिली-आर्कसेकंदाचे, घालून बघ आणि पसाऱ्याची त्रुटी किती आकसते ते इथे टाक.